नैर्ऋत्येचा सुळका

दगड पडला तेव्हा चुनकळी पाथरवट चर्चच्या मागच्या बाजूला शिडीवर उभा राहून पन्हळीत अडकलेला पालापाचोळा काढत होता. आवाज काही फार मोठा झाला नाही. ओल्या मातीवर कोणी भरलेलं पोतं टाकावं, तेवढाच. पण चाळीस वर्षं दगडात काढलेल्या माणसाला तो कळतो. आपण शिडीवरून कसे उतरलो हे त्याला नंतर काही केल्या आठवेना. मनोऱ्याला वळसा घालून तो समोर आला, तर फाटकाशी चार पाहुणे तोंडावर हात धरून थिजल्यासारखे उभे होते आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी, हिरवळीवर, चर्च दाखवणाऱ्या बाई आडव्या पडल्या होत्या. त्यांची काठी सात-आठ हात लांब उडाली होती. चुनकळी गुडघ्यांवर बसला, त्यांचा हात हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. डॉक्टर बोलावण्यात काही अर्थ उरला नव्हता.

बाईंची ती रोजची जागा होती. पाहुण्यांना फाटकाशी उभं करायचं, म्हणजे अख्खं चर्च एका नजरेत येतं. आपण मात्र मनोऱ्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याखाली जायचं आणि काठीने एकेक गोष्ट दाखवायची. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर या एका इमारतीला वाहून घेतलं. लग्न केलेलं नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडे त्या आणि त्यांची धाकटी बहीण अशा दोघीच राहायच्या.

चर्च तसं लहान. अँग्लिकन मंडळींचं, तीनशे वर्षांचं. मधलं दालन सगळ्यात जुनं. बुटके गोल खांब, एकाच्या कवेत न मावणारे, आणि वर उपड्या होडीसारखं लाकडी छत. ते होड्या बांधणाऱ्या सुतारांनीच बांधलं, असं बाई सांगायच्या. उत्तरेची पडवी नंतरची. पटकीच्या साथीत घराघरांतून माणसं गेली, त्यांच्या आठवणीत बांधलेली. तिच्या भिंतीवर एका पाटीत एकवीस लहान मुलांची नावं आहेत. पश्चिमेचा मनोरा त्याच्याही नंतरचा. एका लाकडाच्या व्यापाऱ्याला चहूकडून दिसेल असा उंच निमुळता कळस हवा होता. मनोरा निम्म्यावर गेला आणि पाया एका अंगाने बसला. ओळंबा धरला तर आजही चार बोटांचा फरक दिसतो. मग कळसाचा नाद सोडला, चार कोपऱ्यांवर माणसाच्या दीडपट उंचीचे चार दगडी सुळके उभे केले आणि काम आटोपतं घेतलं. “व्यापाऱ्याला चार बोटं नडली,” बाई पाहुण्यांना सांगायच्या आणि पाहुणे हसायचे.

हे चर्च संरक्षित वास्तूंच्या यादीत आलं ते बाईंमुळे. अकरा वर्षांत त्यांनी सरकारदरबारी एकोणीस पत्रं लिहिली. शेवटी यादीत नाव आलं त्या दिवशी त्या पत्र घेऊन थेट चुनकळीच्या शेडमध्ये आल्या होत्या आणि दगडाच्या ढिगावर बसून रडल्या होत्या.

चुनकळी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भाजलेल्या चुन्याचा कोरडा खडा म्हणजे चुनकळी. त्यावर पाणी पडलं की तो फसफसतो आणि हात लावू देणार नाही इतका तापतो. हा पाथरवटही तसाच. जुन्या दगडाला सिमेंट लावायचं असं कोणी नुसतं म्हटलं तरी याचं डोकं गरम व्हायचं. जुन्या भिंतीला श्वास लागतो, चुना तिला श्वास घेऊ देतो, सिमेंट तिचा गळा आवळतं, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. आणि हे ऐकवताना दर वेळी थोरल्या भावाचं उदाहरण द्यायचा. “आमच्या दादाने दक्षिणेच्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरल्या. बघा, दगड कसा पापुद्र्यासारखा सुटतोय.”

ते खरंच होतं. तेव्हाच्या पाद्रीसाहेबांना काम झटपट हवं होतं आणि दादाने मान तुकवली होती. त्यावरून दोघा भावांचं वाजलं ते कायमचं. चर्चचं काम पुढे धाकट्याकडे आलं. दादा दुसरीकडे भिंती बांधत राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, उजवी बाजू गेली. आता तो खाटेवर असायचा.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी वारसा खात्याचा इंजिनिअर आला. उंच, मितभाषी माणूस. सुळक्याचा वरचा दगड तोपर्यंत शेडमध्ये आणून ठेवला होता. चिखलाने माखलेला, एका कडेला फुटलेला. इंजिनिअरने वरवर पाहिलं, दोन फोटो काढले आणि चुनकळीला म्हणाला, “तुम्ही हा साफ करून ठेवा. सोमवारी बैठक आहे, तेव्हा नीट बघू. तुमच्याइतकं या इमारतीबद्दल कोणालाच माहीत नाही. आता तर बाईही नाहीत.”

तो गेल्यावर चुनकळीने शेडचं दार लोटून घेतलं. बादलीभर पाणी आणलं आणि दगड पहारीने उलटा केला.

बत्तीस वर्षांपूर्वी हे चारही सुळके उतरवून त्यांचे वरचे दगड नवे घडवले होते. काम दादाचं होतं, हाताखाली धाकटा. पूर्वेचे दोन सुळके दादाने घेतले, पश्चिमेचे दोन धाकट्याला दिले. दगडावर दगड बसवताना मध्ये तांब्याची खुंटी घालायची, शिसं ओतून ती पक्की करायची आणि सांधा चुन्यात बसवायचा, अशी त्यांच्या वडिलांची रीत. तांबं गंजत नाही. लोखंड गंजतं, फुगतं आणि आतून दगड फोडतं.

तो दिवस चुनकळीला लख्ख आठवत होता, कारण त्याच दिवशी त्याची मुलगी झाली. सकाळी बायकोला कळा सुरू झाल्या. तांब्याच्या तीन खुंट्या कमी पडल्या. दादा त्या आणायला गेला होता आणि संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. परांचीवर कोपऱ्यात लोखंडी सळीचे तुकडे पडले होते. सिमेंटची गोणीही होती, खालच्या गटाराच्या कामासाठी आणलेली. दोन तुकडे नैर्ऋत्येच्या सुळक्यात गेले, एक वायव्येच्या. आठ दिवसांत परत येऊन बदलू, असं त्याने स्वतःला बजावलं आणि तो घरी धावला. पुढे मुलीला कावीळ झाली. परांची उतरली. दादाने विचारलं, “खुंट्या पुरल्या?” आणि हा म्हणाला, “पुरल्या.”

हे सगळं तो विसरला होता असं नाही. पण चुन्याबद्दल जितकं मोठ्याने बोलावं तितकं ते खाली खाली दबत गेलं होतं.

चिखल निघाला. भोकात लोखंड होतं. बोटाएवढी सळी मनगटाएवढी फुगून तपकिरी पापुद्रे झालेली, आणि भोवतीच्या सिमेंटला तडे गेलेले. शेजारी दगडाच्या तळाला, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथे, घडवणाऱ्याची खूण होती. प्रत्येक पाथरवटाची आपली एक खूण असते. यांच्या वडिलांची होती नुसता बाण. दादाने त्याखाली एक आडवी रेघ वाढवली. धाकट्याने दोन.

बाण आणि दोन रेघा.

तो बराच वेळ दगडासमोर उकिडवा बसला. बाई जिथे बसून रडल्या होत्या तो ढीग समोरच होता. मग त्याच्या मनात जे आलं, ते आलं तेव्हाच त्याला पुरतं कळलं की आपण ते करणार आहोत. एक रेघ काढली की खूण दादाची होते. या खुणा वाचू शकणारी माणसं जगात दोनच उरली होती, आणि त्यातल्या दुसऱ्याला बोलता येत नव्हतं.

त्याने बारीक छिन्नी घेतली. खालची रेघ नुसती खोडली तर डोळ्यात भरली असती, म्हणून तिथला अख्खा टवका उडवला, दगड पडताना फुटावा तसा. मग ताज्या जखमेवर गंजाचं पाणी चोळलं, माती चोळली, काजळी चोळली. जुन्या भिंतीत नवा दगड बसवला की तो नवा दिसू नये म्हणून हे सगळं करावं लागतं. त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. काम झाल्यावर त्यालासुद्धा टवका कधीचा ते सांगता आलं नसतं.

सोमवारी चर्चच्या मागच्या खोलीत बैठक भरली. नवे पाद्रीसाहेब होते, पस्तिशीचे, आल्यापासून पहिल्यांदाच असं काही अंगावर पडलेलं. मंडळीचे दोन पंच होते. इंजिनिअर होता. आणि भिंतीशी खुर्चीवर बाईंची धाकटी बहीण ताठ बसली होती. तिने आयुष्यभर दवाखान्यात परिचारिकेचं काम केलं होतं. मोठ्या बहिणीसारखी ती बोलकी नव्हती.

शेडमधून ढकलगाडीवर आणलेल्या दगडावर इंजिनिअरने बोट ठेवलं. “ही खूण कोणाची?”

“दादाची,” चुनकळी म्हणाला. “बाण आणि एक रेघ.”

“म्हणजे हा सुळका तुमच्या थोरल्या भावाने केला.”

“दक्षिणेचे दोन त्याने केले. उत्तरेचे दोन मी.”

हे वाक्य त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. ते पहिल्या वाक्याच्या पाठोपाठ आपसूक आलं. इंजिनिअरने टिपून घेतलं. पंचांपैकी एक जण मान हलवून म्हणाला, “सिमेंटचा हात. दक्षिणेची भिंतही त्यांचीच ना?” कोणालाच नवल वाटलं नाही. तीस वर्षं चुनकळीनेच त्यांना हे शिकवलं होतं.

“मग आग्नेयेचा सुळका ताबडतोब उतरवावा लागेल,” इंजिनिअर म्हणाला. “त्या बाजूला परांची बांधू. उत्तरेचे तुमचे आहेत, त्यांची घाई नाही.”

पाद्रीसाहेबांना हायसं वाटलेलं दिसलं. “म्हणजे मनोऱ्याचं उत्तरेचं दार उघडं ठेवता येईल. रविवारी बाईंसाठी प्रार्थना आहे. त्यांचे जुने विद्यार्थी येणार आहेत, शंभरेक तरी. दारातच रांग लागेल. चालेल ना?”

उत्तरेचं दार बरोबर वायव्येच्या सुळक्याखाली होतं. सगळे चुनकळीकडे बघत होते.

“चालेल,” तो म्हणाला.

घरी येऊन त्याने हिशोब घातला. तिकडे दोन तुकडे होते, इकडे एकच आहे. बत्तीस वर्षं धरलंय, एक रविवार धरेल. मग काहीतरी निमित्त काढून तोही उतरवू. मंगळवारी हा हिशोब पटला. बुधवारी पाऊस लागला आणि पटेनासा झाला. गुरुवारी तो चर्चकडे गेला आणि उत्तरेच्या दाराखाली मान वर करून उभा राहिला. खालून काहीच दिसत नव्हतं. सुळका आपला सुळक्यासारखा उभा होता.

शनिवारी सकाळी वहिनी शेडमध्ये आली. आई गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. दादाचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याला लहानाचं मोठं केलं ते वहिनीने. भांडणानंतर तिने शेडची पायरी कधी चढली नव्हती. आजही ती दारातच उभी राहिली.

“भावजी, बाईंची बहीण काल घरी आली होती.”

त्याच्या हातातला कुंचा तसाच राहिला.

“ह्यांच्या उशाशी बसली. म्हणाली, तुम्ही मुद्दाम केलं नाही हे मला ठाऊक आहे, माझ्या मनात काही नाही, तेवढंच सांगायला आले. तीन दिवस धीर गोळा करत होती म्हणे.” वहिनीने पदराने नाक पुसलं. “ह्यांच्या डोळ्यांतून नुसतं घळाघळा पाणी. आणि ह्यांनी मान डोलावली. दोनदा.”

“दादाला कळलं ते काय बोलली?”

“बैठकीनंतर इंजिनिअरचा अहवाल आला, तो मी वाचून दाखवला होता ना. कळत सगळं असतं हो त्यांना, बोलता येत नाही एवढंच. एक विचारू? ह्यांनी लोखंड का घातलं असेल? सिमेंटचं मी समजू शकते, तेव्हा त्या साहेबांनी गळ घातली. पण लोखंड? हे साधा खिळासुद्धा पारखून घ्यायचे.”

चुनकळी वळून घमेल्यातला चुना ढवळू लागला. “सवड झाली तर येऊन जा. कालपासून जेवले नाहीत ते,” असं म्हणून ती गेली.

दुपारी तो गेला. दादाची खाट खिडकीशी होती. एकेकाळी दोन माणसांचा दगड एकटा उचलणारा माणूस उशांच्या आधाराने बसवून ठेवला होता. गालफडं बसली होती. वहिनी वाटीतून पेज भरवायचा प्रयत्न करत होती आणि तो ओठ मिटून घेत होता.

“बघा, भावजी आलेत,” ती म्हणाली.

दादाने मान वळवली. धाकट्याकडे तो किती तरी वेळ बघत राहिला. रागाने बघतोय की कसा, ते चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. अर्धा चेहरा हलतच नव्हता. मग त्याने डावा हात पांघरुणातून बाहेर काढला. तर्जनी आणि मधलं बोट वर केलं. दोन बोटं, आडवी धरलेली, एकाखाली एक.

“दोन काय?” वहिनी वाकून विचारू लागली. “दोन वाजले? दोन घास? पाणी हवंय का?”

दादाने हात खाली घेतला नाही. तो धाकट्याकडेच बघत होता.

चुनकळी उठला. “वहिनी, लोखंड दादाने घातलं नाही,” तो म्हणाला. “मी घातलं. त्या दोन रेघा माझ्या आहेत. मी एक खोडली.”

वहिनीच्या हातात वाटी होती. तिने ती काळजीपूर्वक खाली ठेवली, सांडू नये म्हणून. “आणि बैठकीत?”

“बैठकीत खोटं बोललो.”

“निघा इथून,” वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही. “मला आत्ता काहीतरी वाईट बोलायचं नाही. निघा.”

तिथून तो थेट बाईंच्या घरी गेला. धाकट्या बहिणीने दार उघडलं. आतल्या खोलीत पलंगावर मोठ्या बहिणीचे कपडे घड्या करून लावलेले दिसत होते. तिने त्याला आत बोलावलं नाही, त्यानेही अपेक्षा धरली नव्हती. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याने सगळं सांगितलं. तांबं, लोखंड, मुलगी, दादाला दिलेलं उत्तर, छिन्नी.

“काल मी एका माणसाला माफ करून आले,” शेवटी ती म्हणाली. “तुम्हाला ते काय असतं ते माहीत आहे? ते अंथरुणात पडलेले होते, बोलू शकत नव्हते, म्हणून कसंबसं जमलं. आता तुम्ही सांगता, तो माणूसच चुकीचा होता. दुसऱ्यांदा नाही जमणार मला.”

“ते मागायला नाही आलो मी.”

“मग कशाला आलात?”

“उद्या उत्तरेच्या दाराखाली कोणी उभं राहता कामा नये. वायव्येच्या सुळक्यातही एक तुकडा आहे. तोही माझाच.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. तिचा चेहरा पहिल्यांदाच हलला. “हे तुम्हाला सोमवारी माहीत होतं?”

“हो.”

“आणि शंभर माणसं तिथे उभी राहणार, हेही?”

त्याने मान खाली घातली.

“मग माझ्या दारात काय उभे आहात?” ती ओरडली. आतून चपला आणून तिने पायांत सरकवल्या आणि दाराला कडीसुद्धा न लावता निघाली. पाद्रीसाहेबांच्या घरापर्यंत ती त्याच्या दहा पावलं पुढे चालत होती. एकदाही तिने मागे वळून पाहिलं नाही.

पाद्रीसाहेबांनी ऐकून घेतलं आणि डोकं दोन्ही हातांत धरून बसले. मग उठून त्यांनी इंजिनिअरला फोन केला. रविवारची प्रार्थना रस्त्यापलीकडे शाळेच्या मैदानात झाली. चुनकळी गेला नाही. गेला असता तरी कोणी उभं केलं नसतं. ती बातमी तोपर्यंत घरोघरी पोचली होती.

बुधवारी वायव्येचा सुळका उघडला. इंजिनिअरने पुढच्या अहवालात लिहिलं की वरचा दगड एका हाताच्या जोराने हलत होता. आग्नेयेच्या सुळक्याला परांची आधीच बांधून झाली होती, तोही उतरवला. त्यात सगळं तांबं निघालं, सगळं शिसं, सांध्यात घट्ट पांढरा चुना. तो आणखी शंभर वर्षं हलला नसता. पण आता उतरवलाच होता, आणि दोन सदोष निघाल्यावर उरलेल्याचा भरवसा कोण देणार, म्हणून ईशान्येचाही उतरवला. मनोरा माथ्याशी बोडका झाला. चर्चला कुलूप लागलं. दुरुस्ती कधी होईल ते खात्यालाही सांगता येत नव्हतं. मंडळी शाळेच्या दालनात जमू लागली, आणि निम्मी यायची बंदच झाली.

चुनकळीने पोलिसांत जबाब दिला. वकिलाने त्याला समजावून सांगितलं की बत्तीस वर्षांपूर्वीच्या लोखंडाबद्दल खटला उभा राहणं अवघड आहे, मात्र या महिन्यात पुरावा खोडला त्याबद्दल उभा राहणारच. “चुकीला कायद्यात पळवाट आहे, तुमच्या छिन्नीला नाही,” वकील म्हणाला. चुनकळीने पळवाट विचारलीच नव्हती. खात्याने जुन्या वास्तूंच्या कारागिरांच्या यादीतून त्याचं नाव काढलं. शेडची किल्ली पंचांनी येऊन नेली. परदेशी असलेल्या मुलीचा फोन आला. “बाबा, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी घाई केलीत ना?” तिने रडत विचारलं. तो म्हणाला, “नाही ग. तू निमित्त होतीस. आठ दिवसांनी परत वर चढायला मला कोणी अडवलं नव्हतं.”

दादाकडे जायचं धाडस त्याला महिन्याभराने झालं. वहिनीने दार अर्धवट उघडलं.

“तुमच्या भावाने आयुष्यात खोटं काम केलं नाही,” ती म्हणाली. “ती बाई माफ करायला आली तेव्हा तुमच्यासाठी मान डोलावली, ते एक खोटं. तेही तुम्ही करायला लावलंत. आता ती बाई परत येऊन ह्यांच्या पाया पडून गेली. म्हणाली, तुमच्यावर उगाच आळ घेतला. तेव्हाही हे रडले. मी किती वेळा पुसू त्यांचे डोळे?”

“मी बसू का त्याच्याजवळ?”

“मी असताना नाही.” तिने खुंटीवरची पिशवी घेतली. “बाजारात जाऊन येते. तेवढा वेळ बसा. मी यायच्या आत गेलेलं बरं.”

तो आत गेला आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसला. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. चुनकळीने त्याच्या पाठीवरचं पांघरुण नीट केलं, पायांकडचं सरळ केलं. तो दोनदा “दादा” म्हणाला. खिडकीतून रस्त्यावरची माणसं जाताना दिसत होती. अर्धा तास झाला. फाटक वाजलं, वहिनी आली असणार, म्हणून तो उठला. दादाने कूस बदलली नव्हती. तो झोपलेला नव्हता, एवढं मात्र त्याच्या श्वासावरून कळत होतं.